शून्य डॉलरची पावती

न्यू जर्सीतील एडिसन गावी ओक ट्री रोड नावाचा जो रस्ता आहे, आणि ज्याच्या दुतर्फा साड्यांची, सोन्याची, मिठाईची व किराण्याची दुकाने इतक्या दाटीने उभी आहेत की नवख्या माणसास आपण सातासमुद्रापलीकडे आलो याचाच क्षणभर विसर पडावा, त्या रस्त्यापासून जवळच असलेल्या एका औषधांच्या दुकानात माझ्या भाचीने माझ्यादेखत पांढऱ्या कागदाची एक लहानशी पिशवी हाती घेतली. पिशवीस टाचलेली पावती पिशवीहून लांब होती. तीवर औषधाचे नाव होते, डॉक्टरणीचे नाव होते, दुष्परिणामांची मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांतील जंत्री होती, विमा कंपनीच्या खात्यावर पडलेली रक्कम होती, आणि सर्वांत खाली, ग्राहकाने द्यावयाच्या रकमेच्या घरात, एक टिंब व तीन शून्ये होती. "बघ मावशी, फुकट!" ती म्हणाली, आणि मोटारीत बसता बसता तिने आपले विधान स्वतःच दुरुस्त केले: "फुकट कसलं म्हणा, दर पगारातून हप्ता कापतातच. पण इथं पर्स उघडावी लागत नाही, एवढं खरं."

पिशवीत संततिनियमनाच्या गोळ्या होत्या. त्या तीन शून्यांचे मला इतके कुतूहल का वाटावे हे सांगावयाचे तर माझ्या स्वतःच्या कैफियतीचा थोडा भाग सांगणे प्राप्त आहे. १९८४ साली सातारा जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयात थोरल्या मुलाच्या जन्मानंतर मला तांबी बसविण्यात आली, तेव्हा केसपेपरवरील एक सही आणि "आता तीन वर्षं घोर नाही बाई" हे नर्सबाईंचे आश्वासन यापलीकडे कसलाही व्यवहार झाला नाही. पैशाचा प्रश्न कोणी काढला नाही आणि विमा हा शब्द तर आमच्या घरी यजमानांच्या एलआयसीच्या हप्त्यापुरताच उच्चारला जात असे. एका गोळीची किंमत कोणी भरावी या प्रश्नावर जगातील सर्वांत श्रीमंत देशाची संसद, सर्वोच्च न्यायालय, धर्मपीठे आणि विमा कंपन्या यांची बारा-पंधरा वर्षे हातघाई चालावी, याचे नवल वाटून मी तेथील सहा महिन्यांच्या मुक्कामात वाचनालयाची पायरी झिजवली. आणि त्या वाचनाला स्वयंपाकघरातील एका लहानशा आपत्तीची जोड कशी मिळाली ते यथाक्रम येईलच.

मुळात अमेरिकन माणसाचे आजारपण त्याच्या धन्याच्या पदरी का बांधले गेले, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढील काही उलगडावयाचे नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, महागाई आवरण्यासाठी सरकारने पगारवाढीस बंदी घातली. कामगारांची तर टंचाई होती. तेव्हा कारखानदारांनी पगाराऐवजी आरोग्यविम्याचे आमिष दाखविण्यास प्रारंभ केला, आणि १९५४ च्या करविषयक कायद्याने अशा विम्यावरील रक्कम करमुक्त ठरवून युद्धकाळातील ती तात्पुरती सोय कायमची करून टाकली. आजमितीस पंधरा कोटींहून अधिक माणसांचा विमा त्यांच्या किंवा कुटुंबातील कोणाच्या तरी नोकरीतून येतो. म्हणजे जो पगार देतो तोच औषधाची यादीही ठरवितो. ही गाठ कोणी विचारपूर्वक मारलेली नव्हती. पण एकदा बसल्यावर ती सुटेना, आणि स्त्रीच्या गर्भाशयासारख्या सर्वांत खाजगी बाबीत तिचा साहेब हा एक अदृश्य भागीदार होऊन बसला.

त्यापूर्वीचा इतिहास कायदेशीर बंदीचा आहे आणि तो मराठी वाचकास सर्वस्वी अपरिचित वाटू नये. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने संततिनियमनाची साधने व त्यांविषयीची माहिती टपालाने पाठविणे अश्लीलतेच्या सदरात घातले. कनेक्टिकट राज्याने १८७९ मध्ये त्याही पुढे जाऊन साधनांचा केवळ वापर हाच गुन्हा ठरविला. १९१६ च्या ऑक्टोबरात मार्गारेट सँगर यांनी ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागात देशातील पहिला संततिनियमन दवाखाना उघडला, तो अवघ्या काही दिवसांत पोलिसांनी बंद पाडला आणि बाईंना तीस दिवसांची कैद भोगावी लागली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२१ साली, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी असाच एक दवाखाना काढला, त्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकीस मुकले, 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून मृत्यूपर्यंत पदरमोड करून चालविले, आणि अश्लीलतेच्या खटल्यांत पुन्हापुन्हा उभे राहिले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. सँगरबाई स्वतः १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. बाईंना साधने हवी होती, महात्माजींना संयम. दोघेही आपापल्या मतावर ठाम राहिले. मात्र पैसे कोणी द्यावेत हा प्रश्न त्या काळी ना वर्ध्यात उद्भवला ना ब्रुकलिनमध्ये. जी वस्तू बेकायदा आहे तिच्या किमतीची चिंता कोण वाहणार?

१९६० मध्ये एनोव्हिड नावाची पहिली गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य झाली. न्यू हेवन येथे दवाखाना चालविल्याबद्दल एस्टेल ग्रिसवोल्ड व डॉ. ली बक्सटन यांना शंभर-शंभर डॉलरांचा दंड झाला होता. त्यांच्या अपिलावर १९६५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहितांना गर्भनिरोधके वापरण्याचा अधिकार दिला, आणि अविवाहितांना तो १९७२ मध्ये मिळाला. गरिबांसाठी निक्सन यांनी १९७० च्या नाताळच्या पूर्वसंध्येस 'टायटल टेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली, तर मेडिकेड या निर्धनांच्या योजनेत १९७२ पासून कुटुंबनियोजनाच्या खर्चाचे शंभरातील नव्वद डॉलर केंद्राने सोसावेत अशी तरतूद झाली. एवढ्यावर गाडी रुळावर आली असे कोणासही वाटावे. परंतु मधला वर्ग, नोकरी करणारा, विम्याचे हप्ते बिनबोभाट भरणारा, तो मात्र कोठेच बसला नव्हता. कारण अपघात, शस्त्रक्रिया, प्रसूती हे सारे देणाऱ्या कित्येक पॉलिसी गर्भनिरोधक तेवढे यादीबाहेर ठेवीत असत.

या अन्यायास वाचा फुटली ती एका भलत्याच औषधाच्या निमित्ताने. १९९८ च्या मार्चमध्ये पुरुषांसाठीच्या व्हायग्रास मान्यता मिळाली आणि विमा कंपन्यांपैकी बऱ्याच जणींनी तिचे पैसे देण्यास विलंब लावला नाही; तेव्हा चाळीस वर्षे रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी साहजिकच विचारले की आमच्या गोळीचे काय? त्याच वर्षी मेरीलँडने विम्यात गर्भनिरोधकांचा समावेश सक्तीचा करणारा पहिला राज्य-कायदा केला. पण या पर्वातील मला सर्वांत भावलेली हकीकत वॉशिंग्टन राज्यातील जेनिफर एरिक्सन या औषधविक्रेतीची आहे. बार्टेल या दुकानसाखळीत त्या फार्मासिस्ट होत्या. काउंटरवर उभ्या राहून "तुमच्या विम्यात हे बसत नाही" असे गिऱ्हाईक बायकांना सांगण्याचे काम त्यांच्या नशिबी होते, आणि ज्या धन्याच्या वतीने त्या हे सांगत त्याच धन्याने त्यांना दिलेल्या विम्यातही ते बसत नव्हते. काउंटरच्या दोन्ही बाजूंस एकच नकार! त्यांनी आपल्याच धन्यावर फिर्याद गुदरली आणि २००१ च्या जूनमध्ये सिअॅटलच्या केंद्रीय न्यायालयातील न्यायमूर्ती रॉबर्ट लॅस्निक यांनी निवाडा दिला की इतर प्रतिबंधक औषधे देणाऱ्या योजनेतून गर्भनिरोधक वगळणे म्हणजे स्त्रियांविरुद्ध केलेला भेदभाव होय.

निवाडा चोख होता, पण त्याची हद्द लहान होती. २००७ साली दुसऱ्या एका अपील न्यायालयाने एका रेल्वे कंपनीच्या प्रकरणात नेमका उलट कौल दिला. राज्यांच्या कायद्यांचेही तेच. १९७४ च्या एका केंद्रीय कायद्यान्वये, जी मोठी कंपनी विमा विकत न घेता नोकरांच्या आजारपणाचे पैसे आपल्याच तिजोरीतून भरते, आणि विमा कंपनीस केवळ कारकुनीपुरती नेमते, तिला राज्याचे विमा-कायदे लागू पडत नाहीत. विमा असणाऱ्या नोकरदारांपैकी अर्ध्याहून अधिक अशाच योजनांत आहेत. तेव्हा एकाच गल्लीतील, एकाच पगाराच्या, एकच गोळी घेणाऱ्या दोन शेजारणींपैकी एकीस राज्याचा कायदा तारतो आणि दुसरीच्या दारावरून तो मुकाट पुढे जातो. आणि आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे दोघींपैकी एकीसही ठाऊक नसते, कारण दोघींच्या पाकिटातील विम्याच्या कार्डावर त्याच विमा कंपनीचे तेच चिन्ह छापलेले असते.

२३ मार्च २०१० रोजी ओबामा यांनी सही केलेल्या आरोग्यविमा-सुधारणा कायद्याने या भेदावर प्रथमच एकछत्री उपाय केला. गंमत अशी की कायद्याच्या मसुद्यात 'गर्भनिरोधक' हा शब्द कळीच्या जागी नव्हताच. मेरीलँडच्या सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी २००९ च्या डिसेंबरात घातलेल्या दुरुस्तीत एवढेच म्हटले होते की स्त्रियांसाठी ठरविण्यात येतील त्या प्रतिबंधक सेवा विमाधारकाकडून वेगळा पैसा न घेता पुरविल्या जाव्यात; त्या सेवा कोणत्या, हे ठरविण्याचे काम सरकारने वैद्यकविद्येच्या राष्ट्रीय संस्थेकडे सोपविले. तिच्या तज्ज्ञांनी २०११ च्या जुलैत आठ शिफारशी केल्या, त्यांत मान्यताप्राप्त सर्व गर्भनिरोधक साधने ही एक होती. महिना उलटण्यापूर्वी सरकारने ती स्वीकारली आणि १ ऑगस्ट २०१२ नंतर सुरू होणाऱ्या विमा-वर्षापासून तिचा अंमल सुरू झाला. संसदेने न लिहिलेला शब्द हुकुमाने लिहिला गेला. जे हुकुमाने येते ते हुकुमाने जाऊ शकते, ही जाणीव त्या दिवशी फारच थोड्यांना झाली असावी.

परिणाम मात्र झपाट्याने दिसला. २०१२ च्या शरदऋतूत खाजगी विमा असलेल्या व गोळी घेणाऱ्या स्त्रियांपैकी शेकडा १५ जणींना पदरचे काही द्यावे लागत नव्हते. २०१४ च्या वसंतात हे प्रमाण शेकडा ६७ वर गेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी विम्याच्या दाव्यांचे जमाखर्च तपासून दाखविले की गोळीवरील पदरचा खर्च सरासरी ३८ टक्क्यांनी आणि तांबीसारख्या साधनांवरील ६८ टक्क्यांनी उतरला, व गोळी घेणारीची वर्षाकाठी सुमारे २५५ डॉलरची बचत झाली. या दोन टक्केवारींतील तफावत महत्त्वाची आहे. गोळीची किंमत दरमहा थोडी थोडी टोचते; तांबीची एकदम अंगावर येते, आणि म्हणून पुढे दहा वर्षांचा घोर मिटविणारे साधन नेमके तिलाच परवडत नाही जिला त्याची सर्वांत अधिक निकड आहे. सेंट लुईस येथे २००७ ते २०११ या काळात ९,२५६ स्त्रियांना सर्व साधने विनामूल्य देऊन, हवे ते निवडण्याची मोकळीक देण्याचा एक प्रयोग झाला. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणींनी तांबी किंवा दंडात बसवावयाची कांडी पसंत केली. बायकांना काय हवे हे किंमत बाजूस सारताच कळून आले. तोवर ज्याला आवड म्हणत होते ती पुष्कळदा ऐपत होती.

आणि येथेच धन्याने आपला हक्क आठविला. ओक्लाहोमातील हॉबी लॉबी ही हस्तकलेचे साहित्य विकणारी दुकानसाखळी, तेव्हा पाचशे दुकाने व तेरा हजारांवर नोकर असलेली, एका धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबाच्या मालकीची. वीस साधनांपैकी चार, म्हणजे दोन प्रकारच्या तातडीच्या गोळ्या व दोन प्रकारच्या तांब्या, आपल्या श्रद्धेनुसार गर्भपातासमान आहेत, म्हणून त्यांचे पैसे आपण भरणार नाही, अशी त्यांची तक्रार होती. न भरल्यास दंडाची रक्कम वर्षाला सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरपर्यंत जाण्यासारखी होती. त्यांचा आधार होता १९९३ चा धर्मस्वातंत्र्य-पुनःस्थापना कायदा. त्या कायद्याची जन्मकथा अशी, की ओरेगन राज्यात मूलनिवासी पंथाच्या विधीत पेयोटे नावाचे निवडुंग सेवन केल्याबद्दल दोन गृहस्थांची नोकरी गेली, सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये त्यांची दाद घेतली नाही, आणि त्यामुळे हळहळलेल्या संसदेने दुर्बळांच्या उपासनेस कवच म्हणून तो केला. वड्याचे तेल वांग्यावर कसे निघते पाहा! ३० जून २०१४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ते कवच एका धनाढ्य कंपनीच्या अंगावर चढविले. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्यात एक साधा हिशेब नोंदविला: तांबीचा खर्च हा किमान वेतनावरील स्त्रीच्या महिनाभराच्या पूर्ण पगाराएवढा जवळजवळ येतो. मला त्या सबंध निकालपत्रात हे एक वाक्य स्वयंपाकघरातून आल्यासारखे वाटले.

पुढील प्रकरण तर एका छापील नमुन्याचे आहे. धार्मिक संस्थांनी 'आमचा आक्षेप आहे' असा दोन पानी नमुना भरून द्यावा, मग विमा कंपनी परस्पर पैसे भरील आणि संस्थेस पातक लागणार नाही, अशी तडजोड सरकारने सुचविली होती. वृद्धाश्रम चालविणाऱ्या 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' या जोगिणींचे म्हणणे पडले की तो नमुना भरणे हेच पातक आहे. त्यांची निष्ठा खोटी होती असे मी म्हणणार नाही. निर्धन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांविषयी लेखणी सैल सोडू नये. परंतु त्यांच्या वृद्धाश्रमांत शुश्रूषेस असलेल्या पगारी बाईने आपली गोळी कोठून आणावी, याचे उत्तर जोगिणींच्या कैफियतीत नाही आणि ते देणे त्यांचे कामही नव्हते. २०१६ मध्ये न्यायालयाने प्रकरण तोडग्यासाठी खाली धाडले. २०१७ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सरकारने धार्मिकच नव्हे तर 'नैतिक' आक्षेपासही सरसकट माफी दिली. आणि जुलै २०२० मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ती माफी कायम झाली. सरकारच्याच अंदाजानुसार त्यामुळे ७०,५०० पासून १,२६,४०० पर्यंत स्त्रियांचा लाभ जाणार होता.

आता स्वयंपाकघरातील आपत्ती. माझ्या मुक्कामातच भाचीने नोकरी बदलली. नवी कंपनी मोठी, पगार अधिक, विम्याचे कार्ड पूर्वीपेक्षा जाड. महिनाअखेरीस ती त्याच दुकानात, त्याच खिडकीशी, तीच गोळी घ्यावयास गेली, तेव्हा पलीकडच्या मुलाने संगणकाकडे पाहून शांतपणे सत्तेचाळीस डॉलर मागितले. शनिवारची संध्याकाळ होती, जुन्या पाकिटात एकच गोळी उरली होती, मागे रांग होती. तिने कार्ड पुढे केले. सोमवारपासून फोन सुरू झाले. कंपनीच्या कचेरीने विम्याकडे बोट दाखविले, विम्याने औषधांची यादी राखणाऱ्या तिसऱ्याच एका मक्तेदाराकडे, त्याने डॉक्टरकडे, डॉक्टरच्या कारकुनाने पुन्हा विम्याकडे. भाजी चिरता चिरता ती कान व खांदा यांच्यामध्ये फोन धरून उभी असे आणि पलीकडून संगीत वाजत राही. "मावशी, ही गोळी यादीत नाही म्हणतात. यादीतली दुसरी घेतली तर फुकट. पण त्या दुसरीनं माझं डोकं दुखतं, हे मी मागच्याच वर्षी भोगलंय." कायदा तिच्या बाजूने होता. साधनाच्या प्रत्येक प्रकारात, सरकारच्या तेव्हाच्या गणनेने अठरा प्रकारांत, निदान एक तरी विनामूल्य असावे, आणि डॉक्टरने विशिष्टच हवे असे लिहून दिल्यास तेही विनामूल्य द्यावे, असा खुलासा २०१५ मध्येच झालेला आहे. परंतु तो खुलासा खिडकीपलीकडच्या मुलाच्या संगणकात शिरलेला नव्हता. डॉक्टरचे पत्र, त्याचा स्वीकार, नकार, फेरअर्ज, असे दीड महिन्याचे द्राविडी प्राणायाम झाल्यावर पावतीवर शून्ये परत आली. सत्तेचाळीस डॉलर मात्र आले नाहीत.

हे एकटीचे रडगाणे असते तर मी ते छापावयास दिले नसते. व्हर्माँट या लहानशा राज्याच्या वित्तनियमन खात्याने दप्तरे तपासली तेव्हा तीन विमा कंपन्यांनी २०१७ ते २०२१ या काळात सुमारे नऊ हजार जणांकडून, जे फुकट द्यावयाचे होते त्यापोटी, सुमारे पंधरा लाख डॉलर घेतल्याचे उघडकीस आले. शासनाने विचारले म्हणून कळले. जेथे कोणी विचारले नाही तेथे काय चालले असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

महाराष्ट्र मंडळाच्या एका सत्यनारायणाला भेटलेल्या, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या एका तरुणीने मला आणखी एक गोष्ट कानात सांगितली. तिचा विमा नवऱ्याच्या नोकरीतून येतो. कोणती सेवा घेतली व कोणी किती भरले याचा तपशील विमा कंपनी कळविते, आणि तो बहुधा विम्याच्या मूळ धारकाच्या नावे जातो. पैसे शून्य असले तरी पत्र येतेच. सासूबाई नातवाची वाट पाहात आहेत आणि टपाल प्रथम त्याच उचलतात! कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून असा पत्रव्यवहार स्वतःच्या स्वतंत्र पत्त्यावर मागण्याची सोय दिली. परंतु अशी सोय आहे हे ठाऊक असण्यासाठीही कोणी तरी सांगावे लागते. किंमत हा अडथळ्यांपैकी सर्वांत मोजता येणारा अडथळा आहे, म्हणून त्याचीच मोजदाद होते.

ज्यांना विमाच नाही त्यांची कथा वेगळी लिहावी लागेल. येथे तिचा केवळ निर्देश करते इतकेच. टेक्सास राज्याने २०११ मध्ये कुटुंबनियोजनाच्या अंदाजपत्रकास दोन-तृतीयांश कात्री लावली आणि दवाखाने भराभर बंद पडले. मेडिकेडचा विस्तार करणे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने राज्यांच्या मर्जीवर सोडले आणि टेक्सासने तो अद्याप केलेला नाही. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने प्लॅन्ड पेरेंटहूड या कुटुंबनियोजन-संस्थेच्या दवाखान्यांस मेडिकेडचा पैसा वर्षभर थांबविण्याचा हुकूम केला. आणि विम्याचा हप्ता हलका करणाऱ्या वाढीव सवलतीची मुदत २०२५ अखेरपर्यंतच होती. हप्ताच झेपला नाही तर यादीत कोणती गोळी आहे याची चौकशी करावयास मागे कोण उरते?

एक गोष्ट मात्र विम्यास वळसा घालून आली. २०२३ च्या जुलैत ओपिल नावाच्या गोळीस डॉक्टरच्या चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली, आणि २०२४ च्या मार्चपासून ती साबण-शांपूच्या फळीवर दिसू लागली. महिन्याचे पाकीट तेव्हा १९.९९ डॉलरला होते, तीन महिन्यांचे ४९.९९ ला. चिठ्ठी नाही, यादी नाही, साहेब नाही, सासूच्या हाती पडणारे पत्र नाही. पण चिठ्ठी नाही म्हणूनच बहुतेक योजना तिचे पैसे देत नाहीत. त्या द्याव्यात असा नियमाचा मसुदा २०२४ च्या ऑक्टोबरात निघाला आणि २०२५ च्या जानेवारीत मागे घेण्यात आला. भाचीने त्या शनिवारी ती का घेतली नाही, असे मी विचारले. "ती वेगळी गोळी आहे मावशी, मध्येच बदलून कसं चालेल?" तिचे म्हणणे रास्त होते. गोळी म्हणजे काही गव्हाचे पीठ नव्हे, की या दुकानी नाही तर त्या दुकानी.

विम्याच्या या आडवळणापेक्षा सरकारने सरळ दवाखान्यात फुकट द्यावे, जसे मला साताऱ्यात दिले, असे म्हणण्याचा मोह मला प्रथम फार झाला. पण मग १९७६ आठविले. त्या वर्षी शस्त्रक्रियांचे आकडे पुरे करण्यासाठी माणसे कशी गोळा केली गेली हे आमच्या पिढीने पाहिले आहे, आणि सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे विधिमंडळ आपल्याच महाराष्ट्राचे होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही, एवढेच. मला तांबी फुकट मिळाली तेव्हा ती हवी का, असेही कोणी विचारले नव्हते. मला ती हवी होती हा योगायोग. जो पैसे भरतो तो उंबरठ्यात उभा राहतो, मग तो ओक्लाहोमाचा दुकानदार असो की मुंबईचे मंत्रालय. माझ्या मते अमेरिकन सुधारणेने किंमत शून्यावर आणली ही तिची थोर कामगिरी, आणि ती आणताना धन्यास उंबरठ्यातच उभे ठेवले ही तिची चूक. पहिलीसाठी मी तिला दुसरी माफ करावयास तयार आहे, पण विसरावयास नाही.

पुण्यास परतल्यावर सामान लावता लावता मी माझ्या स्वतःच्या आरोग्यविम्याची पॉलिसी कपाटातून काढली आणि बारा वर्षांत प्रथमच अपवादांची यादी वाचली. आपल्या विमा-नियामकाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या अपवादांना क्रमांक आहेत. त्यांतील सतरावा वंध्यत्वाचा आहे. आणि मूल न होणे व मूल होऊ न देणे या दोन्ही गोष्टी त्याच एका कलमात बसवून, कोणत्याही प्रकारच्या गर्भनिरोधाचा, नसबंदीचा, आणि नसबंदी उलटविण्याचाही खर्च मिळणार नाही असे तेथे लिहिले आहे. वाचकांनी, विशेषतः वाचक भगिनींनी, फराळाची भांडी आवरून झाली की आपापली पॉलिसी काढून ते सतरावे कलम एकदा वाचावे.